तेलाचा दाब

पंख्याचा आवाज उतरला. कर्जतच्या बाजारातलं सलून, दुपारचा एक वाजायला आलेला, माझा एक गाल झालेला आणि दुसऱ्यावर साबण. दुकानात आणखी दोघंतिघं होते, पण कोणाच्या ते लक्षात आलं नाही, आणि यायचं काही कारणही नव्हतं. पंखा फिरत होता, वारा लागत होता. मला मात्र बत्तीस वर्षांची खोड आहे. वीज ठीक असली की पंख्यातून, ट्यूबच्या पट्टीतून, बाहेरच्या खांबावरच्या ट्रान्स्फॉर्मरमधून एकाच सुरात गुणगुण येत असते, आणि तो सूर केसभर जरी खाली आला तरी माझे कान टवकारतात. निवृत्त होऊन वर्ष झालं, दहिवलीला दोन खोल्या बांधून राहतो आहे, ना घेणं ना देणं, तरी हे काही सुटलेलं नाही. "साडेअठ्ठेचाळीस," मी म्हणालो. न्हाव्याने वस्तरा उचलला. "काय साडेअठ्ठेचाळीस, काका?" मी म्हणालो, "आता जाणार." तो हसला, आणि हसतो आहे तोवर वीज गेली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू काही मीच ती घालवली होती.

तेवढ्यावर गोष्ट संपली असती. पण शेजारच्या खुर्चीवर चौक गावाकडचा एक शेतकरी बसला होता, बोलका माणूस, मघापासून भाताच्या भावावर बोलत होता. तो म्हणाला, "ही काय वीज गेली म्हनायची? वीज गेली व्हती चौऱ्याहत्तर साली. अख्खी मुंबय बंद. आणि कुनामुळं ठावं हाय? आमच्या चौकला एक मिस्तरी हाय, कोंडाजी म्हनून. एक नट ढिला ठिवला म्हनं त्यानं, आन् मुंबय बंद पडली." न्हावी म्हणाला, "एका नटापायी?" "तर रं! तवा व्हता वीजघरात, आता पंपाची कामं करतो. मानूस लाख हाय, कामाला चोख. पन एक खोड. पंप झाला तरी देत नाय. परत खोलतो, परत लावतो. माझा पंप तीन दिस ठिवून घेतला मागल्या सालाला. म्हनलं, दादा, झालाय ना? तं म्हनतो, झालाय रं, पन माझा मलाच भरवसा नाय." सगळे हसले. न्हावीही हसला. मी खुर्चीतून उठलो, तेव्हा न्हाव्याने माझा खांदा धरून मला खाली बसवलं आणि म्हणाला, "काका, निम्मी दाढी घेऊन कुठं चाललात?"

तो नट घट्ट होता. हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस गळ्याला फडकं बांधून, मान वर करून कर्जतच्या बाजारात बसला होता. मी उरलेला गाल करून घेतला, तोंड पुसलं आणि घरी न जाता एसटी स्टँडवर गेलो. चौकची गाडी लागलेली होती. दहा वर्षांत या गाडीत मी दोनदा बसलो होतो. दोन्ही वेळा चौकला उतरलो, रस्त्याच्या या बाजूच्या धाब्यावर चहा घेतला, पलीकडे पत्र्याच्या शेडखाली वाकून काम करणारी कोंडाजीची पाठ पाहिली आणि परतीची गाडी धरली. पहिल्या वेळी स्वतःला सांगितलं की गिऱ्हाईक आहे, आत्ता नको. दुसऱ्या वेळी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा काही सांगितलंच नाही. या वेळी जर परत फिरलो असतो तर चौथ्यांदा यायला मी जिवंत राहिलो असतो की नाही, कोणास ठाऊक. आणि कोंडाजी तर माझ्याहून चार वर्षांनी मोठा.

लोकांना वाटतं वीज कुठेतरी भरून ठेवलेली असते, हौदात पाणी असावं तशी. तसं नसतं. वीज साठवता येत नाही. साठवता येतं ते पाणी. घाटमाथ्यावर तलाव, तिथून डोंगराच्या अंगावरून खाली उतरलेले जाडजूड लोखंडी पाइप आणि पायथ्याला आमचं वीजघर. मुंबईत कोणी बटण दाबलं की त्याच क्षणी तेवढा भार पाण्यावर फिरणाऱ्या आमच्या चाकावर यायचा आणि चाकावर तेवढं जास्त पाणी सोडावं लागायचं. चाकावरून उतरलेलं पाणी कालव्यातून नदीत, आणि नदी आमच्या गावाखालून. म्हणून उन्हाळ्यात आमची नदी मुंबईच्या घड्याळावर वाहायची. सकाळी गिरण्या लागल्या की नदीच्या घाटाची तिसरी पायरी बुडायची. रविवारी नदी निम्मी. माझी आई पाण्याकडे बघून म्हणायची, "मुंबय उठली वाटतं." तिने मुंबई जन्मात पाहिली नव्हती, पण ती कधी उठते, कधी जेवते आणि कधी सुट्टी घेते ते तिला पक्कं ठाऊक होतं. उन्हाळी भाताचं दुसरं पीक त्याच पाण्यावर निघायचं, म्हणून वीजघराबद्दल गावात कोणी वाईट बोलायचं नाही. मला तिथे बोर्डावर, म्हणजे काटे आणि बटणांच्या फळ्यापाशी, नोकरी लागली तेव्हा गावाने माझ्या गळ्यात हार घातला होता. नदीची चावी गावातल्या पोराच्या हातात आली, असं म्हणाले. मीही ते खरं मानलं, हा माझा पहिला मूर्खपणा.

चावी माझ्या हातात नव्हती. ती मुंबईच्या कंट्रोलरूममधल्या टेलिफोनवर होती. फोन यायचा, दोन नंबर घ्या, एक नंबर सोडा. आणि मी 'हो साहेब' म्हणून वेळ लिहायचो आणि ते मशीन चालू किंवा बंद करायचो. एका तारेत बांधलेली सगळी मशीनं, मग ती दोनशे मैलांवर का असेनात, एकाच गतीने फिरतात. एक दमलं की बाकीची त्याचा भार उचलतात. कोणीच पुरेसा उचलला नाही तर सगळी मिळून मंदावतात, गती दाखवणारा काटा पन्नासावरून खाली सरकतो, आणि एका आकड्यापलीकडे गेला की एकेक मशीन स्वतःला सोडवून घेतं, तुटून बाजूला होतं. मग जी उरतात त्यांच्यावर आणखी भार, मग तीही सुटतात, आणि मग अंधार. यात दुष्टावा कोणाचाच नसतो. जो तो आपापली बेअरिंगं वाचवत असतो. हे मला पहिल्या वर्षी कोंडाजीने समजावलं होतं. तो शिकलेला नव्हता, फिटर होता, पण मशीन त्याला कळायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला लावून मूठ कानाला लावायची आणि आत काय चाललंय ते ऐकायचं, हे त्यानेच शिकवलं. "मोरू, काटा मागनं सांगतो रं," तो म्हणायचा, "मशीन आदी सांगतं." बोर्डवाले फिटरांत बसत नसत, मी त्याच्याबरोबर जेवायचो. त्याची बायको अंबूबाई दोघांना पुरेल एवढी भाकरी बांधून द्यायची, आणि सुकटीची चटणी माझ्यासाठी वेगळी, कमी तिखट.

वर्षातून दोन दिवस, एप्रिलमध्ये, सगळी मशीनं थांबवून खालचा कालवा साफ करायचे. त्या दोन दिवसांना आमच्या गावात 'बंद' म्हणत. बंदला लेकी माहेरी यायच्या, कारण वर्षाच्या गोधड्या तेव्हा धुवायच्या. नदीत पाणी नसताना गोधड्या कसल्या धुवायच्या, असं बाहेरच्याला वाटेल. पण वाहत्या पाण्यात भिजलेली गोधडी बाईला आवरत नाही, ती बाईलाच ओढून नेते. बंदला खडकांमधल्या डोहांत गुडघाभर पाणी राहतं आणि भोवतालचे खडक तापलेले असतात. धुवायची, चौघींनी पिळायची आणि तिथेच पसरायची. भर पात्रात सगळा गाव. पुरुष डोहातले मासे धरायचे, म्हाताऱ्या सावलीला बसून सुनांना नावं ठेवायच्या. धोका फारसा नव्हता. तीन नंबरचं मशीन तेवढं अडीअडचणीला तयार ठेवलेलं असे, आणि ते सुरू करायचं झालं तर आधी भोंगा. भोंगा झाल्यापासून पाणी गावाखाली यायला पंधरा मिनिटं. तेवढ्यात सगळे काठावर. माझ्या बत्तीस वर्षांत बंदच्या दिवशी असा भोंगा तीनदा झाला असेल, आणि कोणाचा पायही भिजला नव्हता.

चिमा माझी धाकटी बहीण. सहा वर्षांची असताना तापाने तिचे कान गेले. दोन्ही. ओठांवरून तिला बोलणं कळतं, स्वतः बोलते ती मोठ्याने, दुसऱ्या आळीला ऐकू जाईल असं. लहानपणी ती हरवली की हाक मारून उपयोग नसायचा, शोधतच जावं लागायचं. आणि ते काम माझं. तेव्हाची ती भीती, आपण ओरडतो आहोत आणि तिची पाठ आपल्याकडे आहे, ती मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही होती, आणि तेव्हा तिला स्वतःला दोन मुलं झालेली होती. खालापूरजवळ दिली होती तिला. चौऱ्याहत्तरच्या बंदला ती आली, आणि मी सकाळच्या पाळीला निघालो तेव्हा डोक्यावर गोधड्यांचं गाठोडं घेऊन नदीच्या वाटेला लागलेली दिसली. तिने मागे वळून मला विचारलं, "दादा, डबा न्हेलास का रं?" मी डबा वर करून दाखवला.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी फोन आला. मुंबईकडचं एक मोठं कोळशाचं स्टेशन अचानक सुटलं होतं. फोनवरचा माणूस ओरडत नव्हता, तेच वाईट होतं. तो फार हळू बोलत होता. "तीन नंबर घ्या. ताबडतोब. काटा बघताय ना?" मी बघत होतो. एकोणपन्नासच्या खाली. आमचे शिफ्ट इंजिनीअर वर पाइपांच्या तोंडाशी, व्हॉल्व्हहाउसला गेलेले, बाकी माणसं कालव्यात उतरलेली, कोंडाजी त्यांच्यात. त्यांनाही भोंगा पुरे होता. मी भोंग्याचं बटण दाबलं आणि तीन नंबरपाशी गेलो. मशीनला पाणी द्यायची दांडी तेलाच्या दाबावर चालते. तेल ढकलणारा पंप आदल्या दिवशीच कोंडाजीने खोलून, पुसून, नवीन वॉशर घालून बसवला होता. दाबाचा काटा दोनशे वीसवर उभा होता, हलतही नव्हता. दांडी हाताखाली. खिडकीतून भोंगा ऐकू येत होता आणि मला एकच दिसत होतं, की सगळ्या बाया गोधड्या टाकून काठाकडे धावताहेत आणि एका डोहात एक बाई खाली वाकून गोधडी आपटते आहे, आणि तिची पाठ सगळ्यांकडे आहे.

मी हात मागे घेतला. फोन वाजला, धावत जाऊन उचलला. "काय झालं? तीन नंबर?" मी म्हणालो, "साहेब, ऑईल प्रेशर येत नाही." हे मी ठरवून बोललो नाही, असं पुढे वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो आहे, पण बोललो ते इतकं सराईतपणे, की ते कुठेतरी तयारच असलं पाहिजे. साहेब म्हणाले, "बघा, बघा, काहीतरी करा," आणि मी फोन ठेवून काही केलं नाही. बोर्डासमोर उभा राहिलो. पहिल्यांदा वाटलं एक मिनिट. एका मिनिटात ती वर आली असेल का? मग वाटलं आणखी एक. नदीवर पळत पाठवायला कोणी नव्हतं, आणि मी स्वतः पळत गेलो असतो तर बोर्ड सोडल्याबद्दल नोकरी गेली असती. तेव्हा मी नोकरीचाही विचार करत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. अठ्ठेचाळीस पॉइंट दोन. सत्तेचाळीस पॉइंट नऊ. सगळ्या घराची गुणगुण उतरत चालली, उतारावर गाडी बंद पडावी तशी. सहाव्या मिनिटाला बोर्डावरचे दिवे एकेक करून बदलले आणि काटा शून्यावर येऊन पडला. वीजघरात मी एवढी शांतता कधी ऐकली नव्हती. फक्त भोंगा, तो बॅटरीवर चालायचा.

मग मी तीन नंबर सुरू केलं. तोवर अंधार झालेल्या मुंबईला परत उठवायला तेच पहिलं मशीन लागलं. लॉगबुकात लिहिलं, दहा एक्केचाळीस ते दहा सत्तेचाळीस, ऑईल प्रेशर कमी, पंप दाब धरत नव्हता. अक्षर नेहमीसारखं आलं. कालव्यातून चिखलाच्या पायांनी कोंडाजी धावत आला, सरळ पंपापाशी बसला आणि त्याने पंपाच्या अंगावर तळहात ठेवला. "चालू हाय की रं. दाबबी हाय." मी म्हणालो, "आत्ता आला, दादा. मघा येत नव्हता." त्याने माझ्याकडे वर पाहिलं. त्या नजरेत शंका असती तर मी सुटलो असतो, तिथेच सगळं सांगून टाकलं असतं. शंका नव्हती. होती ती भीती, आणि तीही माझ्याबद्दलची नव्हे. तो स्वतःच्या हाताकडे वळला. "म्हंजे सक्शनचा नट," तो म्हणाला, "नळी तेलासंगं हवा वढत असंल." आणि इंजिनीअर खाली यायच्या आत, मी नको म्हणायच्या आत, त्याने तीन नंबरला शेजारच्या दोन नंबर मशीनच्या पंपाची जोड देऊन तो पंप खोलायला घेतला. नट ढिला होता की घट्ट, हे पाहायला पुढे चौकशीवाले आले तेव्हा खोललेला पंप फडक्यावर मांडून ठेवलेला होता. तो एवढा प्रामाणिक नसता तर वाचला असता.

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा चिमा अंगणात गोधड्यांच्या घड्या घालत होती. मी तिच्यासमोर उभा राहून विचारलं, "भोंगा झाला तेव्हा तू कुठं होतीस?" "डोहात. कुटं आसनार?" "मग कळलं कसं तुला?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी खुळचट विचारलं आहे. "येसूबाई माझा हात धरती की," ती मोठ्याने म्हणाली, "दर साली धरती. अख्ख्या गावाच्या बाया मला नदीत टाकून वर येतील व्हय रं? वरती आलो, बसलो, किती येळ झाला तरी पानीच नाय. परत उतरायचं का काय, भांडनं लागली आमची. मग आलं पानी." येसूबाई म्हणजे आमची शेजारीण. भोंगा संपायच्या आत तिने चिमाला काठावर आणून बसवलं होतं. माझ्या सहा मिनिटांत नदीत कोणी नव्हतं. तिथे सगळा गाव बसून पाण्याची वाट बघत होता. मी ओट्यावर बसलो. मला गावाचा भरवसा वाटला नव्हता, ज्या गावाने माझ्या गळ्यात हार घातला होता त्या गावाचा, आणि याची मला जी लाज वाटली ती आजही तशीच आहे.

दुसऱ्या दिवशी कर्जतला जाऊन सगळे पेपर आणले. मी त्यांत मेलेला माणूस शोधत होतो. गिरण्या थांबल्या, लिफ्टमध्ये लोक अडकले, एका दवाखान्यात जनरेटर लावावा लागला. मेलं कोणी नव्हतं. दोन दिवस सगळी पानं उलटीसुलटी वाचली आणि मग मला वाटलं, सुटलो. चौकशी लागली तेव्हासुद्धा मला वाटत होतं, एखादी ताकीद, एखादा दंड, निभेल. माझ्या त्या एका ओळीने खरोखर कोणाचं काही गेलं तर ते दहा पावलांवरच्या माणसाचं जाईल, हे मला दिसलं नाही. किंवा दिसलं आणि मी मान फिरवली. मुंबईहून तिघं साहेब आले. म्हणाले, ते एक मशीन वेळेवर मिळालं असतं तर बाकीची तगली असती. तगली असती की नाही, हे देवालाही सांगता येणार नाही, पण त्यांना कागद पुरा करायचा होता. मी लॉगबुकातली ओळ वाचून दाखवली. कोंडाजीला विचारलं तेव्हा मी मनात म्हणत होतो, दादा, भांड, म्हण की पंप चांगला होता, म्हण की हा खोटं बोलतो. तो टोपी हातात घेऊन म्हणाला, "मोरू खोटं लिवायचा नाय, साहेब. दाब नव्हता म्हनतो म्हंजे नव्हता. माज्याकडनं र्‍हायलं आसंल." त्याला घरी बसवलं. त्याच्या निरोपाच्या दिवशी मी पाळी बदलून घेतली.

त्यानंतर माझं काही वाईट झालं नाही. बढती मिळाली. पोरींची लग्नं झाली, दहिवलीला घर झालं. चिमा दर बंदला येत राहिली. कोंडाजी गाव सोडून चौकला गेला, अंबूबाईच्या भावाने शेड घालून दिली असं ऐकलं. मला वाटायचं, पंपाचं काम आहे, हायवे आहे, बरं चाललं असेल, नोकरीपेक्षाही बरं. नोकरी गेली एवढंच मी धरून चाललो होतो. आज सलूनमध्ये तो शेतकरी बोलला तेव्हा पहिल्यांदा कळलं की गेलं ते दुसरंच काहीतरी. ज्या माणसाने मला मशीन ऐकायला शिकवलं तो दहा वर्षं स्वतः लावलेला नट परत परत खोलून बघतो आहे, आणि लोक त्याला हसताहेत, आणि तोही बहुधा त्यांच्याबरोबर हसतो आहे. गाडी चौकच्या फाट्याला थांबली. मी उतरलो. चहा घेतला नाही. ट्रक जाऊ दिले आणि रस्ता ओलांडला.

शेडमध्ये वीज नव्हती, तिकडेही गेलेली. कोंडाजी पोत्यावर बसून एका शेतीपंपाचा नट आवळत होता. केस पार पांढरे झालेले, हात तेच. त्याने मान वर केली, ओळखायला क्षणभर गेला आणि मग त्याचं सगळं तोंड उजळलं. "मोरू! आरं, मोरूच ना तू? बस रं, बस." त्याने स्वतःखालचं पोतं अर्धं माझ्याकडे सरकवलं. "आठवन कशी झाली रं गरिबाची? चिमी बरी हाय ना?" बोलता बोलता त्याने पाना फिरवून नुकताच आवळलेला नट पुन्हा सैल केला, वॉशर काढला, फडक्याने पुसला, परत बसवला. हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. आत शेडला लागूनच घर. भांड्यांचा आवाज येत होता. मी वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं, कुठून सुरुवात करायची, चिमाचं आधी की चौकशीचं. त्यातलं काही आठवलं नाही.

"दादा," मी म्हणालो, "त्या दिवशी तो नट घट्ट होता. दाब पुरा होता. मी खोटं बोललो. चिमा नदीत आहे असं वाटलं मला, म्हणून मशीन घेतलं नाही, आणि तुझ्या पंपावर ढकललं."

त्याचा पाना थांबला. "कुटला नट?" त्याने विचारलं. "सक्शनचा." "घट्ट व्हता?" "घट्ट होता." "तू पायलास?" "काटा पाहिला, दादा. दोनशे वीसवर उभा होता. हलत नव्हता." "हलत नव्हता," तो म्हणाला. मी मान खाली घातली. तो पाना माझ्या डोक्यात घालेल असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर घालावा असंही वाटलं. पण तो ओरडला ते आतल्या बाजूला तोंड करून. "अंबू! अगं ए अंबू! भायेर ये! नट घट्ट व्हता गं! नट घट्टच व्हता!" त्याचा आवाज फाटला. पत्र्याला हात टेकून तो उभा राहिला आणि रडायला लागला, आणि रडताना हसत होता. माझ्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. मी होतो की नव्हतो, त्याला फरक पडत नव्हता. मुलाचे परीक्षेतले मार्क दुसऱ्यांदा विचारावेत तसं त्याने मला पुन्हा विचारलं, "दोनशे वीस ना?" मी म्हणालो, "दोनशे वीस."

अंबूबाई दारात येऊन उभी होती. किती वेळ, ठाऊक नाही. पिठाचे हात तिने पदराला पुसले. नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. "भावजी," ती म्हणाली, "हे सांगाया तुमाला किती येळ लागला?"

"दहा वर्षं लागली, वहिनी," मी म्हणालो. "काय तोंडाने..."

"ती ठावं हाईत मला दहा वरसं. मी घरातच व्हते." ती म्हणाली. "आता हितं बसल्यापासनं किती येळ लागला, ते इचारते."

मी विचार केला. "मिनिटभर," मी म्हणालो.

"मिनिटाचं काम व्हतं," अंबूबाई म्हणाली. मग तिने पुढे होऊन कोंडाजीच्या हातातला पाना काढून घेतला, तो खाली ठेवला आणि त्याचा दंड धरून त्याला आत वळवलं. "चला," ती त्याला म्हणाली, "जेवून घ्या. तीन वाजाया आले." दोघं आत गेली. पाट मांडल्याचा आवाज आला, एकच. त्या बाईने मला जेवायला बोलावलं नाही असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.